पणा लावून पाहा: इंग्रजीतली 'नेस'वाली नामं कशी बनवायची

आमच्या वाडीच्या फाट्यावर, देवगडकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका होमस्टेचा बोर्ड आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'वुई प्रॉमिस कम्फर्टनेस अँड क्लीननेस'. रंगाऱ्याकडे देण्याआधी मालक तो मजकूर मला दाखवायला आले होते. मी ओटीवर बसून चाचणीचे पेपर तपासत होते. मान जेमतेम वर केली, कागदावरून नजर फिरवली आणि 'चालेल, द्या रंगवायला' म्हणून मोकळी झाले. चार दिवसांनी एसटीच्या खिडकीतून तो बोर्ड दिसला आणि पोटात गोळाच आला. कम्फर्टनेस असा शब्द कुणी वापरत नाही. क्लीननेस हा शब्द आहे, पण तिथे तो नको होता. इतकी वर्षं मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने पास केलेला बोर्ड, आणि पाच शब्दांत दोन चुका!

त्या बोर्डाच्या निमित्ताने मी वर्गात 'नेस' पुन्हा पहिल्यापासून शिकवला, पण जरा वेगळ्या वाटेने. आपल्याकडे हा भाग याद्या पाठ करून घेऊन उरकतात. काइंडचं काइंडनेस, डार्कचं डार्कनेस, असे तीस शब्द घोकायचे आणि एकतिसावा आला की अडकायचं. खरं तर मराठी बोलणाऱ्याला यातलं अर्ध्याहून अधिक आधीच येतं, कारण हेच काम आपण दिवसभर 'पणा' लावून करत असतो. ते इंग्रजीत कसं वळवायचं, हे पायरीपायरीने सांगते. दहावीच्या मुलांना उपयोगी पडेल आणि बोर्ड रंगवणाऱ्यांनाही.

आधी बघा, समोरचा शब्द विशेषण आहे का

'नेस' लागतो तो जवळजवळ नेहमी विशेषणाला. विशेषण ओळखायला मी मुलांना एक साधी खूण देते: शब्दाच्या आधी 'व्हेरी' घाला आणि कानाला बरं वाटतं का बघा. व्हेरी काइंड, व्हेरी डार्क, व्हेरी रफ, सगळं चालतं. 'व्हेरी कम्फर्ट' म्हणून बघा. अडखळलात ना? कारण कम्फर्ट हे मुळातच नाम आहे. त्याला पुन्हा नामाचा प्रत्यय लावणं म्हणजे 'आनंद'ला 'आनंदपणा' म्हणण्यासारखं. बोर्डावरची पहिली चूक ती.

अशीच आधीपासून नाम असलेली आणि मुलं हमखास शेपूट जोडतात अशी मंडळी म्हणजे पीस, जॉय, हेल्थ, फिअर, डेंजर, ब्यूटी. यांच्यापुढे काहीही लावायचं नाही. व्हेरीची खूण शंभर टक्के पुरत नाही (डेडला व्हेरी लागत नाही तरी ते विशेषण आहे), पण शाळेच्या शब्दांत दहापैकी नऊ वेळा वाट दाखवते.

क्रियापदांचं दुकान वेगळं. इम्प्रूव्हचं इम्प्रूव्हनेस होत नाही, इम्प्रूव्हमेंट होतं. अ‍ॅग्रीचं अ‍ॅग्रीमेंट, इन्व्हाइटचं इन्व्हिटेशन. 'मेंट' आणि 'शन' हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तो इथे उघडत नाही. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या: फर्गिव्ह हे क्रियापद असून त्याचं फर्गिव्हनेस होतं. क्रियापदापासून आधी विशेषण तयार झालं असेल तर त्याला नेस बिनधास्त लागतो. टायर्डचं टायर्डनेस, प्रिपेअर्डचं प्रिपेअर्डनेस. हा शेवटचा शब्द किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एव्हाना ऐकलेला असणार. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर सरकारी पत्रकांत 'सायक्लोन प्रिपेअर्डनेस' सारखं दिसू लागलं. मराठीत ती सज्जता.

आता पणा लावा

ही पायरी मी फणस मध्ये ठेवून शिकवते, अक्षरशः. मे महिन्यात सुट्टीच्या वर्गाला पोरं येतात तेव्हा पडवीत गोणपाट अंथरायचं, हाताला खोबरेल तेल चोपडायचं आणि एक कापा, एक बरका असे दोन फणस फोडायचे. गरे खाताखाता विशेषणं काढायची. बरक्याचा गरा कसा? मऊ, म्हणजे सॉफ्ट. काप्याचा? घट्ट, म्हणजे फर्म. चीक कसा? चिकट, म्हणजे स्टिकी. वरची साल? खरखरीत, म्हणजे रफ. आता प्रत्येकाला मराठीत पणा लावा आणि त्याच जागी इंग्रजीत नेस ठेवा. मऊपणा, सॉफ्टनेस. घट्टपणा, फर्मनेस. चिकटपणा, स्टिकिनेस. खरखरीतपणा, रफनेस. एकदा गाडी सुरू झाली की पोरं माझी वाट बघत नाहीत. वेंधळेपणा म्हणजे अ‍ॅब्सेंट-माइंडेडनेस, डावखुरेपणा म्हणजे लेफ्ट-हँडेडनेस, इथपर्यंत आपली आपण जातात. पणा जसा कुठल्याही धेडगुजरी विशेषणालाही चिकटतो, तसाच नेस. दोघांनाही पंक्तीत कुणाच्याही शेजारी बसायला चालतं.

असं का होतं, त्यालाही कारण आहे. नेस हा इंग्रजीचा घरचा प्रत्यय, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरण्याआधीपासूनचा. आपला पणाही तसाच घरचा, प्राकृताच्या वाटेने आलेला, रोजच्या बोलण्यातला. घरचा माणूस कुठेही कामाला येतो.

फणसाच्या त्याच बैठकीत गाडी एकदा अडली. गरा गोड, पुढे? 'गोडपणा' म्हणताना दोघातिघांनी तोंड वाकडं केलं. मराठीत आपण गोडी म्हणतो किंवा गोडवा. मागून एकजण म्हणाला, "मगे इंग्लिशीत तेका काय म्हणूचा?" इंग्रजीत तिथे सरळ स्वीटनेस. म्हणजे मराठीत पणा अडला म्हणून इंग्रजीत नेस अडेलच असं नाही, आणि उलटही होतं. हा प्रश्न त्या मुलाने योग्य वेळी विचारला होता. त्याचं पूर्ण उत्तर दोन पायऱ्या पुढे येईल.

त्याआधी पण आणि पणा यांतला फरक बघून घ्या, इंग्रजीत तो फार कामाला येतो. बालपण आणि बालिशपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी आपल्याला शिकवत नाही, कानालाच कळतं. बालपण हा आयुष्यातला काळ, बालिशपणा हा स्वभावातला दोष. इंग्रजीत बालपण म्हणजे चाइल्डहुड आणि बालिशपणा म्हणजे चाइल्डिशनेस. आईपण म्हणजे मदरहुड. नामाला 'पण' लागून अवस्था किंवा नातं दिसत असेल तर इंग्रजीत बहुधा 'हुड' किंवा 'शिप' येतो: फ्रेंडशिप, लीडरशिप. विशेषणाला 'पणा' लागून गुण किंवा दोष दिसत असेल तर नेस. चाइल्डनेस लिहिणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारते, 'बालपणा म्हणतोस का रे कधी?'

स्पेलिंग

मार्क जातात ते इथे.

बहुतेक शब्दांत मूळ स्पेलिंगला हात लावायचा नाही, पुढे एन ई डबल एस जोडायचं आणि पुढे जायचं. शेवटी मुका ई असेल तरी तो राहतो: पोलाइटनेस, रूडनेस, आयडलनेस, तिन्हींत ई जागच्या जागी. मुलं तो खातात, कारण 'आय एन जी' लावताना ई घालवायची सवय लागलेली असते.

मूळ शब्द एनने संपत असेल तर दोन एन होतात. थिननेस, कीननेस, ओपननेस, सडननेस. उच्चारात एकच एन ऐकू येतो म्हणून लिहिताना एक गळतो. नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा अक्षरं मोजा: मूळ शब्दाचा एन एक, प्रत्ययाचा एक, दोन्ही पाहिजेत.

आता वाय. व्यंजनानंतर आलेला शेवटचा वाय नेससमोर आय होतो. हॅपीचं एच ए डबल पी आय एन ई डबल एस. तसंच लेझिनेस, स्टिकिनेस, लोनलिनेस, एम्प्टिनेस. हा नियम सांगितला की मुलं विचारतात, उगीच कशाला बदलायचा वाय? तेव्हा मी फळ्यावर लिहिते: वेडा अधिक पणा. काय झालं? वेडापणा नाही, वेडेपणा. मोठा, मोठेपणा. खोटा, खोटेपणा. आपलाही शेवटचा आ पणासमोर ए होतो आणि आपल्याला कधी त्रास झाला नाही. मग इंग्रजीने वायचा आय केला तर एवढं काय! ही जोडी समोर ठेवली तेव्हापासून माझ्या वर्गात हॅपिनेसमध्ये वाय लिहिणारं एखादंच निघतं.

याला फाटे दोन. शाय, ड्राय, स्लाय अशा एकाच उच्चारात संपणाऱ्या छोट्या शब्दांत वाय तसाच राहतो: शायनेस, ड्रायनेस. आणि वायच्या आधी स्वर असेल तरी तो राहतो, ग्रेचं ग्रेनेस.

बिझी हा एक मजेदार गडी आहे. बिझीला नेस लागून फार पूर्वी 'बिझनेस' झालं, त्याचा अर्थ सरकत सरकत धंद्याकडे गेला, मधला उच्चारही गळला. आता 'कामात असणं' हा मूळ अर्थ सांगायचा तर इंग्रजीला दुसरा शब्द करावा लागला, तो वाय तसाच ठेवून: बिझीनेस. नियमाप्रमाणे आय यायला हवा होता, पण ती जागा धंद्याने घेतली.

'फुल'ने संपणाऱ्या विशेषणात एल एकच: यूसफुलनेस, केअरफुलनेस. 'लेस'ने संपणाऱ्यात मात्र डबल एस दोनदा येतं. केअरलेसनेस लिहा बघू: सी ए आर ई, एल ई डबल एस, एन ई डबल एस. बारा अक्षरं. निष्काळजीपणा हा शब्दच सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जातो, असं मी वर्गात दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी कुणी हसत नाही.

उच्चाराबद्दल थोडं. आपण 'नेस' ठासून म्हणतो, हॅ-पी-नेस. इंग्रजीत जोर मूळ शब्दावरच राहतो आणि शेवटचा तुकडा 'नस' किंवा 'निस' असा हलका होतो.

रुमाल टाकलेला आहे का, ते बघा

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. मराठीत खोल या विशेषणाला पणा लागायला काहीच हरकत नाही, पण विहिरीचा 'खोलपणा' कुणी विचारत नाही. खोली विचारतात. उंचपणा नाही, उंची. लांबपणा नाही, लांबी. 'हुशारपणा' क्वचित कुणी म्हणेल, पण हुशारी म्हटल्याशिवाय समाधान होत नाही. जागा आधीच भरलेली असते. सकाळच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. सीट रिकामी दिसते, पण रुमाल आहे. तुम्ही बसलात तर कुणीतरी उठवणार.

इंग्रजीतही हेच. भाषाशास्त्रात याला ब्लॉकिंग म्हणतात. मार्क अ‍ॅरोनॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये शब्दरचनेवरच्या आपल्या कामात ही कल्पना मांडली. पेपरात ब्लॉकिंग कुणी विचारणार नाही. रुमाल कुठे कुठे आहेत ते मात्र माहीत हवं.

पहिला गठ्ठा 'टीएच'वाल्यांचा. लाँगचं लेंग्थ, स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ, डीपचं डेप्थ, वाइडचं विड्थ, वॉर्मचं वॉर्म्थ, ट्रूचं ट्रुथ, यंगचं यूथ. हायचं हाइट, तिथे शेवटी नुसता टी, एच नाही. हे इंग्रजीतले म्हाताऱ्या पिढीतले शब्द आहेत. आता या प्रत्ययाने नवीन काही बनत नाही, पण होते ते सीट सोडत नाहीत. गंमत म्हणजे लांबी, रुंदी, खोली, उंची ही आपली चौकडी आणि लेंग्थ, विड्थ, डेप्थ, हाइट ही त्यांची चौकडी अगदी समोरासमोर बसते. जिथे मराठीत पणा नाही तिथे इंग्रजीतही नेस नाही. मापाचे शब्द आठवायचे असतील तर ही जुळणी वापरा.

दुसरा गठ्ठा असा आहे की त्याला नियम नाही. अँग्रीचं अँगर, हंग्रीचं हंगर, प्राउडचं प्राइड, हॉटचं हीट, पुअरचं पॉव्हर्टी, ब्रेव्हचं ब्रेव्हरी, ऑनेस्टचं ऑनेस्टी, वाइजचं विज्डम, फ्रीचं फ्रीडम, पेशंटचं पेशन्स, ब्यूटिफुलचं ब्यूटी. यातल्या काहींना नेस लावलेली रूपं मोठ्या शब्दकोशांत सापडतातही. वॉर्मनेस सापडेल, अँग्रिनेसही सापडेल. पण शब्दकोशात सापडणं वेगळं आणि रोजच्या लिहिण्यात चालणं वेगळं. 'हिज अँग्रिनेस' लिहिलंत तर वाचणारा थांबतो. ही पंधरावीस नावं तेवढी पाठच करा. याद्यांना मी नावं ठेवते खरी, पण इथे दुसरा इलाज नाही.

काही ठिकाणी दोघेही बसतात, पण वेगवेगळ्या सीटवर. हाइट म्हणजे उंची, हायनेस म्हणजे राजेरजवाड्यांच्या नावाआधी लावायची पदवी. नारळाच्या झाडाची हायनेस लिहिणाऱ्या मुलाने त्या माडाला महाराज करून टाकलं होतं. दुसरी जोडी हार्डनेस आणि हार्डशिप. आपला जांभा दगड खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, चिरे कापता येतात. उघड्यावर हवा खाल्ली की कडक होतो. तो जो कडकपणा वाढतो तो हार्डनेस. आणि ते चिरे उन्हात डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती हार्डशिप.

बोर्डावरची दुसरी चूकही याच जातीची. क्लीननेस म्हणजे एखादी वस्तू स्वच्छ असणं. स्वच्छतेची सवय, घर-परिसर स्वच्छ ठेवणं याला इंग्रजीत क्लेनलिनेस म्हणतात. ते 'क्लेनली' या जुन्या विशेषणावरून आलं. लिहिताना ई ए, म्हणताना 'क्लेन'. होमस्टेवाल्यांना वचन द्यायचं होतं ते क्लेनलिनेसचं.

आंबटपणा आणि आम्लता

आता जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तिथे येऊ. नेस लावायचा की 'इटी'? अ‍ॅक्टिव्हनेस की अ‍ॅक्टिव्हिटी? स्टुपिडनेस की स्टुपिडिटी?

स्वयंपाकघरात जा. आमसुलाचं सार चाखलं की आपण म्हणतो आंबटपणा जरा जास्त झाला. तेच आमसूल प्रयोगशाळेत गेलं की त्याची आम्लता मोजतात. खाडीच्या पाण्याला खारटपणा असतो, पण विज्ञानाच्या पुस्तकात ती क्षारता होते. गुण तोच, भाषेचा पोशाख वेगळा. पणा घरचा, 'ता' आणि 'त्व' संस्कृताचे. इंग्रजीतही हुबेहूब हेच घडलेलं आहे. आंबटपणा म्हणजे सावरनेस, आम्लता म्हणजे अ‍ॅसिडिटी. खारटपणा म्हणजे सॉल्टिनेस, क्षारता म्हणजे सॅलिनिटी. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हे वाक्य इंग्रजीत लिहाल तेव्हा सॅलिनिटी लिहायचं. आणि बांगड्याच्या कढीत मीठ जास्त पडलं हे लिहाल तेव्हा सॉल्टिनेस. कढीची सॅलिनिटी वाढली असं लिहिलंत तर जेवणारा उठून जाईल.

हा 'इटी' आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या मार्गे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर काही शतकं दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती. त्या वाटेने जे शब्द आले त्यांच्याबरोबर त्यांचे प्रत्ययही आले. म्हणून 'इटी' बहुतेक परक्या घराण्याच्या विशेषणांनाच लागतो. काइंड, डार्क, सॅड, गुड ही अस्सल गावठी मंडळी. काइंडिटी, डार्किटी कधी होणार नाही. आपणही 'वेडता' किंवा 'चिकटत्व' म्हणत नाही, त्यातलंच हे.

ओळखायचं कसं? शब्दाची शेपटी बघा. एबल किंवा इबलने संपणाऱ्यांचं बहुधा बिलिटी होतं: एबलचं अ‍ॅबिलिटी, पॉसिबलचं पॉसिबिलिटी, रिस्पॉन्सिबलचं रिस्पॉन्सिबिलिटी. 'आयडी'ने संपणारे: ह्युमिडचं ह्युमिडिटी (जूनमध्ये आमच्याकडे पापडही मऊ पडतात तो दमटपणा), स्टुपिडचं स्टुपिडिटी, रॅपिडचं रॅपिडिटी. 'एएल'वाल्यांतले बरेच: इक्वलचं इक्वॅलिटी, रिअलचं रिअ‍ॅलिटी. 'आयसी'वाल्यांत इलेक्ट्रिकचं इलेक्ट्रिसिटी. 'ओयूएस'वाले मात्र दगा देतात. क्युरिअसचं क्युरिऑसिटी, जेनरसचं जेनरॉसिटी, पण सीरिअसचं सीरिअसनेस आणि नर्व्हसचं नर्व्हसनेस. क्युरिऑसिटी लिहिताना मूळ शब्दातला यू जातो, तो ठेवला की लाल रेघ आलीच.

इटीचा आणखी एक स्वभाव आहे, तो ऐकला की नेसबद्दल प्रेम वाटायला लागतं. नेस मूळ शब्दाला धक्का लावत नाही, इटी मात्र घरात शिरून भिंती हलवतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये जोर 'अ‍ॅक'वर असतो, अ‍ॅक्टिव्हिटीत तो 'टिव्ह'वर जातो. इलेक्ट्रिकमधल्या शेवटच्या कचा इलेक्ट्रिसिटीत स होतो. सेनचं सॅनिटी होताना मधला स्वरच पालटतो. हे अवघड वाटत असेल तर सुंदर आठवा. सुंदरपणा म्हटलं तर सुंदर जसाच्या तसा राहतो. सौंदर्य म्हटलं की आतला उ औ होतो. गंभीरचं गांभीर्य, चतुरचं चातुर्य, शूरचं शौर्य. संस्कृताचा 'य' जे करतो तेच लॅटिनचा इटी करतो. घरचा प्रत्यय बाहेरून जोडला जातो, दरबारचा आतून बदल घडवतो.

अडलंच आणि हाताशी शब्दकोश नसेल तर काय करावं? नेस लावा. चुकीच्या इटीपेक्षा अनावश्यक नेस कमी खुपतो. जेनरसनेस वाचून कुणी हसणार नाही, फार तर भुवई उंचावेल. सीरिऑसिटी वाचून नक्की हसेल.

वाक्यात ठेवताना

नाम तयार झालं म्हणजे काम संपलं नाही. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपल्या हातून दोन टोकाच्या चुका होतात, एकतर 'द' सगळीकडे किंवा कुठेच नाही. साधारण बोलत असाल तर द नको: काइंडनेस कॉस्ट्स नथिंग. कुणाचा, कशाचा ते ठरलेलं असेल तर हवा: द स्वीटनेस ऑफ धिस मँगो. क्रियापद एकवचनी.

अनेकवचन बहुतेकांना होत नाही. डार्कनेसेस म्हणत नाहीत. पण जिथे गुणाची मोजता येण्यासारखी गोष्ट झाली तिथे होतं. इलनेस म्हणजे एक आजार, तर इलनेसेस अनेक. वीकनेस, वीकनेसेस. पुढे ई एस.

यापेक्षा मोठी चूक व्याकरणाची नाही, सवयीची. आपण मराठीत म्हणतो, 'माझ्या मनात खूप आनंद होता'. मुलं ते उचलून लिहितात, 'देअर वॉज मच हॅपिनेस इन माय माइंड'. व्याकरणाने चालेल कदाचित, पण इंग्रजी माणूस म्हणेल 'आय वॉज व्हेरी हॅपी', बस्स. मराठीला नाम आवडतं: मला भीती वाटली, त्याला राग आला, तिला कंटाळा आला. इंग्रजी तिथे विशेषण घेतं: अफ्रेड, अँग्री, बोअर्ड. म्हणून निबंधात नेसचा शब्द लिहिलात की एकदा थांबा आणि विशेषणाने भागतं का बघा. माझा अंदाज, निम्म्या वेळा भागतं.

तोतये

शेवटी नेस दिसला म्हणजे तो प्रत्ययच, असं नाही. लायनेस आणि गव्हर्नेसमध्ये प्रत्यय 'एस' आहे, स्त्रीलिंगाचा. एन मूळ शब्दाचा. हार्नेस, म्हणजे घोड्याचा साज, फ्रेंचमधून अख्खा आलेला शब्द. विटनेसमध्ये मात्र नेस खरा आहे. मूळ अर्थ 'माहिती असणं', पुढे माहिती असलेला माणूस, म्हणजे साक्षीदार.

नकाशावरचे नेस आणखी निराळे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर शीर्नेस, डंजनेस अशी नावं आहेत. तिथला नेस म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, जशी आपल्या किनाऱ्यावर जागोजागी आहेत. स्कॉटलंडचं इन्व्हर्नेस म्हणजे नेस नदीचं मुख. मुलांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न लॉख नेसच्या राक्षसाबद्दल असतो आणि मग त्या दिवशी व्याकरण होत नाही.

सराव

वही नको. बाजारात जा. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला नाही गेलात तरी चालेल, गावच्या मासळीबाजारातही भागेल. दहा वस्तू बघा, प्रत्येकीला एक विशेषण द्या, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि घरी येईस्तोवर त्याचं नाम करा. अढीत लावलेल्या आंब्याकडे बघून राइप, मग राइपनेस. डब्यातल्या बोंबलाकडे बघून ड्राय, मग ड्रायनेस. आठवडाभरात सत्तर शब्द होतात, आणि ते विसरले जात नाहीत, कारण प्रत्येकाला वास चिकटलेला असतो.

तोवर हे दहा करून बघा. एकच अट: आधी व्हेरीची खूण, मग पणा, मग रुमाल, मग स्पेलिंग. फ्रेश, लेझी, डीप, ह्युमिड, थिन, प्राउड, होपलेस, पीस, शाय, क्युरिअस.

उत्तरं: फ्रेशनेस, लेझिनेस (वायचा आय), डेप्थ, ह्युमिडिटी, थिननेस (एन दोन), प्राइड, होपलेसनेस (डबल एस दोनदा), पीसला काहीच नाही (ते नामच आहे), शायनेस (वाय तसाच), क्युरिऑसिटी (यू गाळून). मागच्या खेपेला वर्गात सगळ्यात जास्त जण पीसवर पडले. पीसनेस लिहिणारे सात होते, आणि त्यातला एक त्या होमस्टेवाल्यांचाच मुलगा.